कोल्हापुरात एफएम स्वच्छ कसं ऐकावं आणि रेकॉर्ड करावं: एरियलपासून स्पीकरपर्यंत

आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, टोमॅटो एफएम ९४.३ वर, मिर्ची ९८.३ वर. शहरात रेडिओ लावला की ही स्टेशनं लागतात. पण स्टेशन लागणं वेगळं आणि स्वच्छ ऐकू येणं वेगळं. निवेदकाचा 'स' फुटतो, तबल्याच्या मागे सळसळ राहते, माजघरात छान वाजणारा सेट स्वयंपाकघरात नेला की खरखरतो. मग लोक स्पीकर बदलतात, ॲम्प्लिफायर बदलतात, इक्वलायझर वरखाली करून बघतात. दोष तिथे नसतोच. एरियलमध्ये जे आलं नाही ते पुढचं कुठलंही यंत्र निर्माण करू शकत नाही, उलट मोठा ॲम्प्लिफायर खरखरही मोठी करतो. म्हणून काम याच क्रमाने करा: आधी एरियल आणि केबल, मग घरातला गोंगाट, त्यानंतर रेकॉर्डिंग आणि शेवटी स्पीकर. पैसेही याच क्रमाने खर्च करा.

आधी दोष ओळखा

सेटवर मोनो-स्टिरिओचं बटण असेल तर स्टेशन लावून ते मोनोवर टाका. सळसळ एकदम बसली तर सिग्नल कमी पडतोय असं समजा. डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज साध्या ध्वनीसारखी १५ किलोहर्ट्झच्या आत येते, पण दोन्हींमधला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे त्याच प्रसारणातल्या वरच्या एका वेगळ्या लहरीवर, बसून येतो. एफएममध्ये जितकं वर जावं तितका गोंगाट वाढतो. त्यामुळे तेवढ्याच सिग्नलवर स्टिरिओत मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त सळसळ ऐकू येते. मोनोत ठीक वाजणाऱ्या स्टेशनला स्टिरिओसाठी बराच जादा सिग्नल लागतो, आणि तो मिळतो एरियलमधूनच.

मोनो करूनही 'स', 'श', 'च' फाटल्यासारखे येत असतील तर प्रकार वेगळा आहे. सिग्नल भरपूर आहे, पण दोन वाटांनी येतोय: एक टॉवरवरून सरळ, दुसरा डोंगरावर, अपार्टमेंटवर किंवा पाण्याच्या टाकीवर आपटून. दुसरा किंचित उशिरा पोचतो आणि पहिल्यात मिसळून आवाज बिघडवतो. डोंगराच्या कुशीतली गावं आणि पेठांमध्ये उंच इमारतींच्या मधे दबलेली बैठी घरं, इथे हे होतं. यावर बूस्टर अजिबात लावू नका. तो दोन्ही वाटांचा सिग्नल सारखाच वाढवतो, फाटणं तसंच राहतं. एरियल हलवणं आणि वळवणं हाच उपाय.

तिसरा प्रकार म्हणजे एकसारखी टरटर किंवा गुणगुण. ती बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या उपकरणाची असते. चौथा शहराच्या मध्यभागी दिसतो: एकच स्टेशन डायलवर तीन-चार ठिकाणी लागतं, किंवा दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात. इथे सिग्नल गरजेपेक्षा जास्त आहे. बूस्टर असेल तर काढा, एरियल आखडतं घ्या, आणि गच्चीवरच्या एरियलची केबल असेल तर मधे १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा छोटा जोड, लावा.

सेटला नुसती दांडीच असेल, तर काही विकत घेण्याआधी सेट अर्धा-अर्धा फूट सरकवून पाहा. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे खोलीत साधारण दीड-दीड मीटरवर सिग्नलचे खड्डे पडतात. खड्ड्यातला सेट पाऊण मीटर सरकवला तर पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. खिडकीजवळ ठेवा. लोखंडी कपाट, फ्रिज आणि पत्र्याच्या छपराखालची जागा टाळा. मोबाईलवर एफएम ऐकत असाल तर इअरफोनची वायर हेच एरियल असतं, ती गुंडाळून ठेवू नका.

गच्चीवरचा डायपोल

डायपोल म्हणजे एका रेषेत ठेवलेल्या दोन नळ्यांचं एरियल. खरा फरक इथे पडतो, आणि हे काम एका रविवारी होतं.

सामान असं: १० ते १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी दीड मीटर, पाण्याच्या पाईपचा पीव्हीसी 'टी', वर उभा करायला पीव्हीसी पाईप, स्टेनलेसचे स्क्रू आणि वॉशर, दोन लग (वायरच्या टोकाला दाबून स्क्रूखाली बसवायच्या धातूच्या कड्या), आरजी-६ केबल, एक एफ कनेक्टर, केबलवर बसतील असे दोन-तीन क्लिपवाले फेराइट (वायरवरून येणारा गोंगाट अडवणारी कडी), आणि सिलिकॉन. आरजी-६ म्हणजे डीटीएचच्या डिशला लावतात तीच ७५ ओहमची केबल.

डायपोलची लांबी काढायची रीत सोपी आहे. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ९४.३ ते १०२.७ च्या मधला आकडा ९८.५ धरला तर एकूण लांबी १.४५ मीटर येते, म्हणजे प्रत्येक हात सुमारे ७२ सेंटिमीटर. फक्त आकाशवाणीच ऐकायची असेल तर १०२.७ साठी प्रत्येक हात ६९ सेंटिमीटर घ्या. सेंटिमीटरभर इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही.

नळीचे ७२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा आणि 'टी'च्या दोन आडव्या तोंडांतून आत सरकवा. आत दोन्ही टोकांमध्ये एक-दोन सेंटिमीटर जागा राहिलीच पाहिजे, ती टेकली तर एरियल मेलं. नळी सैल बसत असेल तर टेप गुंडाळून जाडी वाढवा. मग 'टी'च्या बाहेरून प्रत्येक नळीत एक स्टेनलेसचा स्क्रू मारा. केबल याच स्क्रूंना जोडायची आहे.

आता केबल सोला. चार सेंटिमीटरवरचं बाहेरचं काळं आवरण काढा, जाळी मागे घ्या, पन्नी कापा, आणि मधल्या तारेवरचा पांढरा फोम दोन सेंटिमीटर काढा. इथे पुष्कळ जण अडकतात, कारण या केबलची जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डर धरत नाही. सोल्डरिंग गन कितीही तापवली तरी कथलाचे गोळे घरंगळून पडतात, वर फोम वितळतो आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. तेव्हा सोल्डरचा नाद सोडा. जाळी पिळून तिची शेपटी करा, लगमध्ये घालून पक्कडीने घट्ट दाबा. मधली तार दुसऱ्या लगमध्ये दाबा. एक लग डाव्या स्क्रूला, दुसरा उजव्या स्क्रूला. लग आणि ॲल्युमिनियमची नळी यांच्यामध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला. तांबं थेट ॲल्युमिनियमला टेकलं आणि त्यावर पाणी पडलं की एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते आणि जोड सुटतो.

जोडाच्या लगेच खाली केबलवर फेराइट बसवा. ते नसतील तर केबलची जाळीसुद्धा एरियलसारखी वागू लागते आणि घरातला सगळा गोंगाट वर नेते. केबल डायपोलपासून काटकोनात निदान ७० सेंटिमीटर सरळ न्यायची, मगच पाईपला बांधायची.

शेवटी जोडावर सिलिकॉन भरा, पण 'टी'चं खालचं तोंड बुजवू नका, आत साठलेला दमटपणा तिथून बाहेर पडतो. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, केबलवरून घरात येणार नाही. कोल्हापूरच्या पावसात रेडिओ खराब वाजू लागला की दोष हवेत नसतो. १०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाने फारसा फरक पडत नाही. पाणी शिरलेलं असतं ते जोडात किंवा केबलच्या जाळीत. जाळी काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, पुसून उपयोग नाही.

वायर जितकी कमी तितकी बरी, पण लांबीचा बाऊ करू नका. या वारंवारितेला आरजी-६ मध्ये १०० मीटरला साधारण साडेसहा डेसिबल जातात, म्हणजे २० मीटरला सव्वा-दीड. एरियल एक मजला वर चढवल्याने यापेक्षा जास्त मिळतं. मात्र चालू डीटीएचच्या केबलला रेडिओ जोडू नका. त्या केबलमधून डिशसाठी १३ किंवा १८ व्होल्ट जातात, सेटचा पुढचा भाग उडू शकतो.

रेडिओला ७५ ओहमचं सॉकेट असेल तर कनेक्टर थेट लावा. जुन्या सेटच्या मागे ३०० ओहमचे दोन स्क्रू असतात, तिथे ३०० ते ७५ चा छोटा ट्रान्सफॉर्मर मधे घ्या. पूर्वी टीव्हीच्या एरियलला लावत तोच हा. आणि नुसता दांडीवाला सेट असेल तर मधली तार चिमट्याने दांडीला आणि जाळी सेल बसवतात तिथल्या निगेटिव्ह पत्रीला जोडा. हे सेट सेलवर चालत असतानाच करा.

दिशा आणि उंची

आडवा डायपोल दोन्ही अंगांनी चांगलं घेतो, टोकांच्या दिशेने जवळपास काहीच घेत नाही. इचलकरंजीहून कोल्हापूर पश्चिमेला आहे, म्हणून तिथे दांडी उत्तर-दक्षिण ठेवावी. राधानगरीहून कोल्हापूर ईशान्येला, तिथे दांडी वायव्य-आग्नेय. खुद्द शहरात दिशेचा हिशेब मांडत बसू नका. एकाने गच्चीवर एरियल दहा-दहा अंशांनी फिरवावं, दुसऱ्याने खाली ऐकून फोनवर सांगावं. सिग्नलच्या काट्यावर विसंबू नका, काटा परतलेली लहरही मोजतो. कानाने 'स' ऐका. परतलेली लहर ज्या बाजूने येते त्या बाजूला डायपोलचं टोक केलं की फाटणं थांबतं, काटा थोडा उतरला तरी.

मग एरियल उभं करूनही पाहा. टॉवरवरून लहर आडवी येते, उभी येते की दोन्ही मिसळून, यावर हे ठरतं, आणि आपटून आलेल्या लहरीची ठेवणही बदलते. उभं लावणार असाल तर लोखंडी पाईपपासून निदान ७० सेंटिमीटर लांब, पीव्हीसीच्या आडव्या हातावर धरा. शेजारी उभं लोखंड असलं की तेही एरियलचा भाग होऊन बसतं.

उंचीचा हिशेब असा: टॉवरची आणि एरियलची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१ ने गुणा. १०० मीटरचा टॉवर आणि ९ मीटरवरचं एरियल यांना सपाट मुलखात सुमारे ५३ किलोमीटरची पोच मिळते. शिरोळ, हातकणंगले या सपाट पट्ट्यात हा आकडा बऱ्यापैकी खरा ठरतो. गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूला डोंगर मधे येतात, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. आडोशाच्या घरावर १० फूट उंची वाढवण्यापेक्षा शेताच्या कडेचा उघडा उंचवटा शोधून तिथून केबल आणणं फायद्याचं.

दूरच्या गावात सिग्नल आणखी हवा असेल तर डायपोलच्या मागे, टॉवरच्या उलट बाजूला, ६० ते ७० सेंटिमीटरवर १.५२ मीटरची सलग नळी समांतर बांधा. तिला केबल जोडायची नाही. ती लहर पुढे परतवते आणि मागून येणारा गोंगाट अडवते. एवढं करूनही कमी पडलं तरच बूस्टर, आणि तोही एरियलच्या जवळ. सेटजवळ लावलेला बूस्टर केबलमध्ये आलेला गोंगाटही वाढवतो.

वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की केबल सेटमधून काढून ठेवा. लोखंडी पाईप वापरला असेल तर तो जाड तारेने अर्थिंगला जोडा. आणि गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर पाईप आडवा पडला तरी तारेला पोचणार नाही इतकी जागा मोकळी सोडा. तेवढी जागा नसेल तर एरियल गच्चीवर नकोच, खिडकीत लावा.

सातारा-पुण्याच्या वाटेवर ९८.३ लावून प्रवास करताना एका टप्प्यावर कोल्हापूर जाऊन पुणं येतं, कारण दोन्हीकडे स्टेशनचा आकडा तोच आहे. एफएममध्ये जो सिग्नल जोरदार, तोच ऐकू येतो, दुसरा दबून जातो. थंडीच्या दिवसांत पहाटे धुकं असतं तेव्हा लहरी हवेच्या थरांतून नेहमीपेक्षा लांब जातात, आणि घरबसल्याही दूरचं स्टेशन मधेच डोकावून जातं. तेव्हा एरियलला हात लावू नका, ऊन चढलं की सगळं जागेवर येतं.

घरातला गोंगाट

सेट सेलवर चालू करा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरातच आहे. आता मेन चालू करून एमसीबी एकेक करत चढवा, आणि ज्याच्यासरशी टरटर परत येते त्या फाट्यावरची उपकरणं एकेक काढा. बहुतेक वेळा सापडतो तो स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर नाहीतर वायफायच्या राउटरचा ॲडाप्टर. यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि गाळणीचे भाग वाचवलेले असतात. बल्ब बदला. चार्जरच्या वायरला फेराइट लावा, त्यातून वायरचे दोन-तीन वेढे घ्या. मेन बंद करूनही टरटर राहिली तर ती बहुधा बाहेरची आहे: शेजारचं घर, वर्कशॉप, किंवा खांबावरचा सैल जोड. खांबावरच्या जोडाची तक्रार महावितरणकडे करायची, आपण हात लावायचा नाही.

एफएम सेट आलेल्या लहरीच्या उंचीतला फरक कापून टाकतो, म्हणून सिग्नल भक्कम असेल तर मिक्सरची ठिणगीही ऐकू येत नाही. तेव्हा डायपोल नीट लागला की यातला अर्धा त्रास आपोआप जातो.

बोथट आवाजाचं एक लपलेलं कारण

सिग्नल उत्तम, खरखर नाही, तरी झांज आणि घुंगरू दबलेले वाटतात? सेटची प्रदेश-सेटिंग तपासा. प्रसारणात वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि सेट ते तेवढेच उतरवतो. आपल्याकडे हे माप ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. सेट अमेरिकेच्या मापावर असेल तर १० किलोहर्ट्झला सव्वातीन डेसिबल जादा कापले जातात. ही चूक लक्षात का येत नाही, तर अमेरिकन सेटिंगमध्ये फक्त विषम दशांशाची स्टेशनं लागतात, आणि आपली ९४.३, ९८.३, १०२.७ तिन्ही विषमच आहेत. देशात कम्युनिटी रेडिओला ९०.४, ९०.८ असे आकडे असतात. डायलवर ९०.४ हा आकडाच येत नसेल तर मेन्यूत जाऊन 'युरोप' किंवा 'इंडिया' निवडा. संगणकाला लावायच्या एसडीआर डोंगलवर ऐकत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये हे माप स्वतः ५० वर ठेवावं लागतं.

रेकॉर्डिंग

स्वतःच्या ऐकण्यापुरतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर सेटच्या लाइन-आउटमधून घ्या. ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून, सेटचा आवाज अर्ध्यावर ठेवून. संगणकाच्या निळ्या लाइन-इनमध्ये वायर घाला. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं आणि त्यातला माइक मोनो असतो, तिथे स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागतं. घेताना पाकिटावर 'स्टिरिओ लाइन-इन' आहे का ते वाचा, स्वस्त कार्डांत पुष्कळदा मोनो माइकच निघतो.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा. एफएमचा आवाज १५ किलोहर्ट्झला संपतो, त्यामुळे ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून नुसती जागा जाते. तासाला ६३५ मेगाबाइट लागतात. रेकॉर्डिंग वेव्हमध्येच करा, कापाकापी झाल्यावर मग एमपी३ करा.

पातळी जाहिरातींवर जुळवा, कारण स्टेशनवर सगळ्यात जोरात त्याच वाजतात. शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास आलं की थांबा. लाटांचे माथे सपाट दिसले तर सेटचा आवाज कमी करा, सॉफ्टवेअरची पट्टी नव्हे. आधीच चिरडलेला माथा पट्टी कमी करून नीट होत नाही. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती गेली तर अर्थिंगचा फेरा तयार झालेला आहे, मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की कायमची जाते.

मग ऑडॅसिटीतच स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणते सूर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडून पाहा. काळ्या पडद्यावर गाणं ढगासारखं पसरलेलं असतं, १५ किलोहर्ट्झवर ते सरळ रेषेत संपतं, आणि बरंच वर, १९ वर, एक बारीक अखंड रेघ असते. ती स्टिरिओचा पायलट, म्हणजे प्रसारण स्टिरिओ आहे हे सेटला सांगणारी खूण. पुष्कळ सेट ती आतच गाळतात, पण ज्यांत दिसते तिथे ती गाण्याच्या शांत जागीही तुटत नाही. मधेच गायब झाली तर त्या क्षणी बहुधा सिग्नल घसरून सेट मोनोवर गेला होता.

हीच नजर पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांनाही लावा. फाइलवर ३२० (केबीपीएस) लिहिलंय आणि ढग १६ किलोहर्ट्झलाच कापलेला आहे, तर ती बहुधा १२८ ची फाइल फुगवलेली आहे. गेलेले सूर परत येत नाहीत. मूळ सीडी मिळाली तर तिच्यावरूनच पुन्हा घ्या. कॅसेट उतरवायच्या असतील तर आधी हेड आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाच्या बोळ्याला तपकिरी रंग लागायचा थांबेपर्यंत पुसायचं. मग हेडचा अँगलचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत मोनोत वरचे सूर सगळ्यात उजळ लागतील तिथे ठेवा.

स्पीकर

निवेदकाचं बोलणं मोनोत लावा आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज समोर हवेत, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट आणि पोकळ वाटला, बेस पातळ वाटला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, एकमेकांपासून जितके लांब तितकेच तुमच्यापासूनही, आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. फरशीवर जाड सतरंजी टाका, उघड्या फरशीच्या खोलीत शब्द घुमतात.

मग आकाशवाणीवर शास्त्रीय गायन लागेल तेव्हा तंबोरा ऐका. स्टेशनवर आवाज थोडा दाबून सपाट करतात, त्यामुळे सीडीइतका चढ-उतार मिळणार नाही, पण तंबोऱ्याची जवारी तरीही ओळखू आली पाहिजे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते त्या या गावात, देवल क्लबात समोर बसून तंबोरा ऐकलेले कान पुष्कळ आहेत. तार छेडल्यानंतर सूर लगेच संपत नाही, उलगडत जातो, त्यातून वरचे सूर एकामागून एक बाहेर येतात. ते सळसळीत बुडाले तर परत एरियलकडे जा. सळसळ नाही पण ते सूरच नाहीत, तर ५०-७५ चं माप तपासा. आणि पहिल्या षड्जाला स्पीकरची पेटी गुणगुणली तर बेसचं बटण मधोमध आणा.